पिशवीशी ओळख

मी ‘आमच्या वेळी’ म्हणून वाक्य सुरू केलं की आई हसते. म्हणते, “पंधरा वर्षांची तू. तुझी वेळ अजून सुरू तरी झालीय का?” पण खरंच सांगते, आमच्या वेळी बुधवार म्हणजे बुधवार होता! बाकीच्या मुलांना रविवार आवडायचा, मला बुधवार. शाळेला दांडी, बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून कात्रजपासून कसब्यापर्यंत वारा खात यायचं, आमच्या त्या छोट्याशा हॉस्पिटलचे जिने चढायचे, दिवसभर रक्त चढवून घ्यायचं आणि संध्याकाळी लालबुंद गाल घेऊन घरी.

मला थॅलेसेमिया आहे. माझ्या शरीराला रक्त नीट बनवता येत नाही, म्हणून साधारण तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी घ्यावं लागतं. बस, एवढंच. शाळेत हे सांगितलं की मैत्रिणी ‘बापरे’ म्हणतात आणि आपल्या डब्यातलं बीट मला देतात. बिटाने यात काडीचा फरक पडत नाही, हे मी त्यांना सांगत नाही. मला बीट आवडतं.

तर आमची खोली. चार खाटा, भिंतींना पिस्ता रंग, कोपऱ्यात बारका टीव्ही आणि स्टुलावर कॅरम, ज्याचा स्ट्रायकर कायम हरवलेला. आम्ही औषधाच्या बाटलीच्या झाकणाने खेळायचो. डेटॉलच्या वासात कुणाच्या तरी डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीचा वास मिसळलेला असायचा. आणि खिडकीतून तांबटांचा आवाज. टण टण टण टण, मग जरा थांबून पुन्हा टण टण. पिशवीतून रक्ताचे थेंब पडत असायचे आणि खाली गल्लीत कुणीतरी तांब्याचा हंडा ठोकत असायचं. मला लहानपणी वाटायचं, त्या ठोक्यांमुळेच थेंब पडतात. तांबट जेवायला गेले की मी घाबरून पिशवीकडे बघत बसायचे.

आणि या खोलीच्या मालकीणबाई म्हणजे द्वारका सिस्टर.

मी चार वर्षांची असतानाची गोष्ट आहे. आई अजून सगळ्यांना सांगते, त्यामुळे मला नक्की आठवतंय की ऐकून ऐकून पाठ झालंय, कोण जाणे. द्वारका सिस्टरांनी मला मांडीवर घेऊन दोन ग्लुकोज बिस्किटं भरवली होती. सुई लावताना गाणं म्हटलं होतं. आणि मग पिशवी हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, चष्मा नाकावर घेतला आणि एकदम अनोळखी आवाजात म्हणाल्या, “तुमचं नाव काय?”

तुमचं! मी बघतच राहिले.

“पूर्ण नाव सांगा. मी तुम्हाला ओळखत नाही.”

मी जे भोकाड पसरलं! सिस्टर मला विसरल्या! आत्ता तर बिस्किट दिलं होतं! आई समजावतेय, बाबा समजावतायत, माझं रडं थांबेना. शेवटी सिस्टरांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “मी ओळखते गं तुला. पण ही पिशवी ओळखत नाही ना? तिची आणि तुझी ओळख करून द्यायला नको? परक्या माणसाच्या घरात ती कशी शिरेल?”

हे मला पटलं. मी डोळे पुसले आणि पिशवीला सांगितलं, “मी उत्कर्षा.”

“ऐकू नाही आलं हिला.”

“उत्कर्षा राजेंद्र धुमाळ!”

मग सिस्टर पिशवीवरचं नाव वाचायच्या, गट वाचायच्या, नंबर वाचायच्या. दुसऱ्या सिस्टर समोर उभ्या राहून फाईलमधून तेच वाचायच्या. तेवढा वेळ टीव्हीचा आवाज बंद. आणि सगळं जुळलं की खोलीतल्या आम्ही सगळ्यांनी, आईबाबांनीसुद्धा, एका सुरात म्हणायचं, “बरोबर!” ही आमच्या खोलीची पद्धतच होती. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात असं करत असतील असं मला वाटत नाही. तपासणी सगळीकडे होते, पण ‘बरोबर’चा गजर आमच्याकडेच. नवीन पेशंटचे नातेवाईक दचकायचे. एका आजोबांनी तर विचारलं होतं, “इथे काय लग्न लावताय का?” त्यावर सिस्टर म्हणाल्या, “लग्नात चूक झाली तर निभावता येते हो आजोबा.”

अशाच होत्या त्या. माझी आई एकदा थंडगार पिशवी पदराखाली घेऊन बसली होती, माझ्या लेकीला गार लागेल म्हणून. सिस्टर म्हणाल्या, “अहो, पिल्लं नाही निघणार त्यातून. ठेवा तिथे.” आई आजही ते आठवून लाजते. पण रागावली कधीच नाही. कारण पिशवी चालू झाल्यावर पहिली पंधरावीस मिनिटं सिस्टर खाटेपासून हलायच्या नाहीत. ताप बघ, नाडी बघ, “कंबर दुखतेय का? थंडी वाजतेय का? छातीत कसंतरी होतंय का?” मी कंटाळून नाही नाही नाही म्हणायचे, तरी त्या बसून असायच्या.

पिशव्यांचे रंगसुद्धा त्यांनीच शिकवले. म्हणजे आत रक्त सगळं लालच, पण वरच्या लेबलचा रंग वेगळा. ओ गटाला निळं, ए गटाला पिवळं, बी गटाला गुलाबी. मी बी, म्हणजे गुलाबी पार्टी. ऋषीदादा पिवळा.

ऋषीदादा आमच्या खोलीतला सगळ्यात मोठा, म्हणून खिडकीजवळची खाट त्याची. ही पण पद्धतच. तो सोळा वर्षांचा झाला आणि वरच्या मजल्यावर मोठ्यांच्या वॉर्डात गेला. जाताना म्हणाला, “घे गं चिमणे, खिडकी तुझी.” आता तो हिंजवडीला नोकरी करतो आणि शनिवारी तिकडेच कुठेतरी रक्त घेतो. मध्ये फोनवर म्हणाला, “इकडे एसी आहे, वायफाय आहे, सगळं एकदम चकाचक. पण तांबट नाहीत यार.”

तेव्हापासून खिडकी माझी. सगळ्या हॉस्पिटलला माहीत. रक्तपेढीतून बर्फाच्या डब्यात पिशव्या घेऊन येणारे उत्तरेश्वरमामा दारातूनच ओरडायचे, “खिडकीबाई, तुमचं पार्सल आलं!”

आणि एक सांगायचं राहिलं. शाळेत मी आधी अशी नव्हते हं. वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायला पण माझा आवाज फुटायचा नाही. बाई मला गैरहजर लावायच्या आणि मी समोर बसलेली! पण दर तीन आठवड्यांनी कुणीतरी तुम्हाला ‘ऐकू नाही आलं’ म्हणत असेल आणि मोठ्याने सांगितल्याशिवाय सोडत नसेल, तर कधीतरी आवाज निघतोच की. या वर्षी गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, असं मुख्याध्यापक स्वतः म्हणाले.

दिवाळीत द्वारका सिस्टर रिटायर झाल्या. आम्ही केक आणला होता. त्यांनी तो कापला आणि म्हणाल्या, “क्रीम फार आहे.” बस. एवढंच भाषण. मग जिन्यात मात्र त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यांच्यानंतर नम्रता सिस्टर आल्या. मला आवडतात त्या, अगदी मनापासून सांगते. सुई इतकी हलक्या हाताने लावतात की कळत नाही. आम्हाला ‘बच्चा’ म्हणतात. टीव्हीवर काय हवं ते लावू देतात. फक्त त्या नाव विचारत नाहीत. पहिल्यांदा मी आपणहून सांगायला तोंड उघडलं तर हसल्या. “अगं बच्चा, मला सगळे पाठ आहेत आता. तू खिडकी, तो दार, ती टीव्ही आणि ती छोटी बेसिन. बघ!”

आम्ही पण हसलो. त्यांना आम्ही पाठ झालोय याचं मला बरंच वाटलं. पण पिशवी चालू झाली आणि कुणी ‘बरोबर’ म्हटलं नाही, तेव्हा जेवणात मीठ राहून गेल्यासारखं झालं. मी कुणाला बोलले नाही.

तर परवाचा बुधवार. माझा त्या खोलीतला शेवटचा. मला सोळा पूर्ण होतायत, पुढच्या वेळी वरचा मजला. बाबांनी मला दारात सोडलं. मी सगळं बघून घेत होते. तो कॅरम, ती भिंतीवरची पोपडी जी आम्हाला उंटासारखी दिसायची, बेसिनचा नळ जो पिळला तरी गळायचा.

त्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो, मी आणि सृष्टी. सृष्टी आठ वर्षांची, बेसिनवाली. तिची आई तिला घेऊन यवतमाळकडून पुण्याला आलीय. बाबा चाकणला कंपनीत आहेत. सृष्टीची शीर सापडत नव्हती. दोनदा टोचावं लागलं आणि पोरगी रडून रडून हुंदके द्यायला लागली. तिची आई नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, “झालं वं माय, झालं.”

नम्रता सिस्टर आमच्या दोघींच्या पिशव्या घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा मी म्हटलं, “सृष्टी, खिडकी हवी?”

तिने लगेच मान वर केली. तिला किती दिवसांपासून ती खाट हवी होती मला माहीत होतं. तसंही मी आता चाललेच होते. ऋषीदादाने मला दिली, मी हिला दिली. मी माझी उशी उचलली आणि बेसिनजवळच्या खाटेवर जाऊन बसले. सृष्टी खिडकीत जाऊन खाली तांबट बघत बसली, मग रडून दमल्यामुळे आईची शाल डोक्यावरून घेऊन झोपून गेली.

“पानी भरून आनतो जरा,” असं म्हणून तिची आई बाटली घेऊन खाली गेली. दुसऱ्या सिस्टरांना खाली कॅज्युअल्टीत बोलावलं होतं. मी बाथरूमला गेले, कारण एकदा पिशवी लागली की स्टँड ढकलत जावं लागतं.

परत आले तर नम्रता सिस्टर खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या. स्टँडला पिशवी टांगलेली. नळी रक्ताने भरून तयार. लेबल गुलाबी.

आणि खरं सांगू? मला क्षणभर बरं वाटलं. खिडकी आणि गुलाबी पिशवी. इतकी वर्षं मी हेच बघत आले होते. आली माझी पिशवी, असंच मनात आलं. मी चार पावलं चाललेसुद्धा. मग शालीखालून बाहेर आलेली वेणी दिसली, तिला बांधलेली पिवळी रिबीन दिसली.

सृष्टी ओ आहे. निळी.

निळ्याला गुलाबी चढलं तर काय होतं ते आम्हा मुलांना माहीत असतं. अंग थंडीने उडायला लागतं, कंबर फुटेल अशी दुखते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. माणूस जातो. द्वारका सिस्टर त्या पहिल्या पंधरावीस मिनिटांत काय शोधत बसायच्या, ते हेच.

नम्रता सिस्टरांनी एका हातात सृष्टीचा हात धरला होता, दुसऱ्या हातात नळीचं टोक.

“थांबा!” मी ओरडले. गॅदरिंगमध्येही मी इतक्या जोरात बोलले नव्हते.

त्या दचकल्या. “काय झालं बच्चा?”

“नाव विचारा तिला.”

“विचारलं की. म्हटलं, उत्कर्षा ना? हं म्हणाली.”

“सिस्टर, मी उत्कर्षा आहे. मी इथे आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शालीकडे. मग पिशवीकडे. मग त्यांनी शाल बाजूला केली. सृष्टी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. झोपेत कुणी काहीही विचारलं तरी ती हं म्हणाली असती.

नळीचं टोक सुईला लागलं नव्हतं. एक थेंबही गेला नव्हता. हे मी आधी बघितलं. मग मी तिच्याच खाटेवर बसले. खाली तांबट ठोकत होते आणि मला ते थांबावेत असं पहिल्यांदाच वाटलं.

नम्रता सिस्टरांनी नळी बंद केली, पिशवी उतरवली, ट्रेमध्ये ठेवली आणि फोन करून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर सौमित्र धावतच आले. त्यांनी दोन्ही पिशव्या वाचल्या, सृष्टीचा हात बघितला, पुन्हा पिशव्या वाचल्या.

“जोडली नव्हती?”

“नाही सर.”

“नक्की?”

“नाही जोडली. उत्कर्षाने थांबवलं.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “मला रिपोर्ट करावा लागेल, सिस्टर. आता आधी दोघींना नीट लावू. वाचलो आज.” मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. “आईंना लगेच सांगायचं का, बघा. उगाच घाबरतील. काही झालेलं तर नाहीये.”

नम्रता सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं, आणि सांगू नये असंही वाटत होतं. कारण सांगितलं तर सृष्टीची आई ओरडेल, रडेल, आणि माझा या खोलीतला शेवटचा दिवस असा संपेल. शिवाय त्या माझ्या आवडत्या होत्या. इतक्या हलक्या हाताच्या! पण मग मला वाटलं, द्वारका सिस्टर आत्ता इथे असत्या तर माझ्या भिंतीकडे बघण्यावर काय म्हणाल्या असत्या? काहीतरी नक्की बोचरं. मी मान वळवून सरळ नम्रता सिस्टरांकडे बघितलं.

सृष्टीची आई पाण्याची बाटली घेऊन दारात आली. तिघांचे चेहरे बघून जागच्या जागी थांबली. “का झालं जी?”

“ताई, बसा,” नम्रता सिस्टर म्हणाल्या. “माझ्याकडून चूक होत होती. मी सृष्टीला दुसऱ्याची पिशवी लावणार होते. मी खाटेवरून ओळखलं, तिला उठवून नाव विचारलं नाही. लावली नाही. पण लागली असती.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिने आधी लेकीच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, मग पावलांना, जसं काही मोजून घेत होती. मग म्हणाली, “कोनाची होती ते?”

“माझी,” मी म्हटलं.

तिने सृष्टीला गदागदा हलवून उठवलं. “ऊठ वं. बस उठून. बस म्हनतो ना.” आणि सिस्टरांना म्हणाली, “आता करा. सगळं पयल्यापासून करा. माह्यासमोर.”

डॉक्टर समोर उभे राहिले, निळ्या लेबलची पिशवी सिस्टरांच्या हातात. सिस्टरांनी विचारलं, “तुमचं नाव काय?” आवाज जरा चिरकला. सृष्टीने गोंधळून आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मी नाही सांगत. तूच सांग.” आणि सृष्टीने सांगितलं. हळू, पण पूर्ण सांगितलं. डॉक्टरांनी फाईलमधून वाचलं. नाव, गट, नंबर. सगळं वाचून झालं तेव्हा खोलीत ‘बरोबर’ कुणीच म्हटलं नाही, आणि मीही नाही. ते म्हणायची ती वेळ नव्हती. सगळ्यांचं लक्ष नळीतून पडणाऱ्या पहिल्या थेंबाकडे होतं.

नंतर माझीही पिशवी लागली. बेसिनजवळच्या खाटेवरून खोली वेगळीच दिसते. खिडकी लांब वाटते. नम्रता सिस्टर सृष्टीच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या होत्या, हात तिच्या नाडीवर. मधूनच उठून माझ्याकडे यायच्या, ताप बघायच्या, पुन्हा तिकडे. बच्चा म्हणत नव्हत्या. एकदा हळूच म्हणाल्या, “द्वारका सिस्टरांचा नंबर आहे का तुझ्याकडे?” मी दिला. त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या. परत आल्या तेव्हा नाक लाल होतं.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काही नाही. आधी विचारलं, मुलगी कशी आहे. मग म्हणाल्या, उद्या सकाळी घरी ये, चहा करते. साखर कमी घेतेस ना?” त्या हसायला गेल्या आणि त्यांना हसता आलं नाही.

दुपारी सृष्टी डबा खाऊन खिडकीत बसली. तिची आई माझ्या खाटेशी आली. बराच वेळ माझ्या पांघरुणाची घडी नीट करत राहिली, जिची काही गरज नव्हती.

“तू लय वर्सापासून येतं ना इथं?”

“लहान होते तेव्हापासून.”

“मंग मले एक खरं सांग.” तिने आवाज खाली आणला. “इथं आनू का हिले? का दुसरीकडं नेऊ? तिचे बाबा म्हनतीन मोठ्या दवाखान्यात ने. मले काई समजत नाही. तू सांग.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाने मला असं विचारलं. आई नाही, बाई नाही, कुणी परीक्षा म्हणूनही नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. मला एकदम ‘आणा ना, इथलं सगळं किती छान आहे’ असं म्हणायचं होतं. कॅरम, तांबट, द्वारका सिस्टर, सगळं ओठावर आलं. पण ते माझं होतं. सृष्टीला त्याचा काय उपयोग?

मी स्टुलावर बसलेल्या नम्रता सिस्टरांकडे बघितलं. त्या सृष्टीला विचारत होत्या, “कंबर दुखतेय का? थंडी वाजतेय?” सृष्टी वैतागून नाही नाही म्हणत होती आणि त्या तरीही विचारत होत्या.

“आणा,” मी म्हटलं. “पण पिशवी लावेपर्यंत तिला झोपू देऊ नका. आणि तिचं नाव दुसऱ्या कुणाला सांगू देऊ नका. तुम्हीसुद्धा नाही.”

तिने वळून लेकीकडे बघितलं.

“मोठ्या दवाखान्यातही हेच करायचं,” मी म्हटलं. “कुठेही गेलात तरी.”

“हव,” ती म्हणाली. मग उठून खिडकीपाशी गेली, लेकीच्या शेजारी बसली आणि तिची वेणी सोडून पुन्हा घालायला लागली. “काय नाव तुहं?” तिने विचारलं.

सृष्टी वळून तिच्याकडे बघतच राहिली. “आई, वेडी झाली का तू?”

“सांग ना पन.”